ग्लिका नेरा: क्रीटच्या कपडे-ऐच्छिक बीचवर पहिल्यांदा जाताय? मग क्रम चुकवू नका

आमच्या ओळखीतलं कोणी ना कोणी दर उन्हाळ्यात ग्रीसला जातं, आणि जायच्या आधी हळूच, बाकीचं सगळं बोलून झाल्यावर, मला तेच दोन प्रश्न विचारतं. तिथे कपडे काढावेच लागतात का, आणि लोक बघतात का. परतीची बोट किती वाजता आहे हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. आणि गंमत म्हणजे आल्यावर जी रडगाणी ऐकायला मिळतात ती कपड्यांची कधीच नसतात, ती असतात चुकलेल्या बोटीची, संपलेल्या पाण्याची, आणि जिथे जन्मात ऊन लागलं नव्हतं तिथे भाजलेल्या कातडीची. म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहिते.

मी लिहिते आहे ते एकाच बीचबद्दल, ग्लिका नेराबद्दल. क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, होरा स्फाकिऑन आणि लुत्रो या दोन गावांच्या मध्ये, उंच कड्याखाली गोट्यांचा एक पट्टा आहे. गाडीरस्ता नाही. नावाचा अर्थ गोडं पाणी, कारण मागच्या लेफ्का ओरी डोंगरांत मुरलेलं पाणी इथे अगदी समुद्राच्या कडेला गोट्यांतून वर येतं. बरीच वर्षं लोक इथे कपडे घालून किंवा न घालता, दोन्ही पद्धतीने शेजारी शेजारी पडून असतात. दुसऱ्या बेटावर जाणार असाल तरी पायऱ्या बऱ्याचशा याच.

१. आधी ठरवा: कशाला आणि कधी

कशाला हे आधी. मित्रांचा ग्रुप, सहा-सात जण, "चल रे बघून येऊ" असा मूड असेल तर कृपा करून जाऊ नका. मी तटस्थपणे वगैरे लिहिणार नाही, अशा ग्रुपमुळे सगळ्या बीचवरची हवा पाच मिनिटांत बदलते, बायका टॉवेल ओढून घेतात, आणि मग आपल्यासारखं दिसणाऱ्या पुढच्या माणसाकडे लोक संशयाने बघतात. पोहायला, पडून राहायला, पुस्तक वाचायला जाणार असाल तर जा. जोडीने किंवा एकट्याने जाणं सगळ्यात सोपं.

दुसरं म्हणजे घरच्यांशी आधीच बोला. नवऱ्याला माहितीय पण बायकोला तिथे पोहोचल्यावर कळलं, किंवा उलटं, असं करू नका. भांडायला ती जागा अजिबात चांगली नाही, आवाज कड्यावर आपटून सगळ्यांना ऐकू येतो.

कधी जायचं तर मे अखेर ते जून, नाहीतर सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी, तापलेले गोटे, आणि वरून उत्तरेचा मेल्तेमी वारा. माझ्या मते सप्टेंबर सगळ्यात भारी, समुद्र उन्हाळाभर तापून कोमट झालेला असतो आणि गर्दी ओसरलेली असते. एप्रिलमध्ये स्वस्त पडतं खरं पण पाणी गार आणि बोटी भरवशाच्या नाहीत.

*कायद्याचं थोडक्यात:* ग्रीसमध्ये १९८३च्या कायद्याने फक्त परवानगी घेतलेल्या ठरावीक जागांवर नग्नतेला अधिकृत मान्यता आहे. ग्लिका नेरासारख्या ठिकाणी ती नुसती चालवून घेतली जाते, हक्क म्हणून नाही. म्हणजे कुणी स्थानिक माणसाने कपडे घाला म्हटलं तर वाद न घालता घालायचे. "अपागोरेवेते ओ यिम्निझ्मोस" अशी पाटी दिसली तर अर्थ एकच, इथे नग्न फिरायला मनाई. ग्रीक लिपी वाचता येत नसेल तर फोनने पाटीचं भाषांतर करून बघा, पण कॅमेरा पाटीवरच धरा हो. आणि ग्रीसमध्ये चाललं म्हणून गोव्यात चालेल असंही समजू नका, तिथे सार्वजनिक नग्नतेवर सरळ गुन्हा दाखल होऊ शकतो.

२. मुक्काम आणि पोहोचायचे दोन मार्ग

पहिली मोठी चूक इथे होते. लोक उत्तर किनाऱ्यावरच्या हानिया शहरात हॉटेल घेतात आणि एका दिवसात जाऊन यायचं ठरवतात. हानिया ते होरा स्फाकिऑन अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरच आहे, पण रस्ता व्रिसेस, आस्किफू, इंब्रोस करत डोंगर ओलांडतो आणि मग नागमोडी वळणं घेत खाली समुद्रावर उतरतो. बसला पावणेदोन-दोन तास लागतात आणि दिवसभरात फेऱ्या मोजक्याच. त्यात चालत जायचा वेळ धरला तर बीचवर तुमच्या हाती ऐन दुपारचं ऊन तेवढं येतं. म्हणून किमान दोन रात्री होरा स्फाकिऑन किंवा लुत्रोला राहा. लुत्रोला रस्ताच नाही, बोटीने किंवा चालत, त्यामुळे चाकाची मोठी बॅग नेणार असाल तर होरा स्फाकिऑन बरं.

तिथून पुढे दोन मार्ग:

बोट. सीझनमध्ये छोट्या बोटी दोन्ही गावांतून ग्लिका नेराला जातात. गाड्या वाहून नेणारी मोठी फेरी बीचवर थांबत नाही, ती लुत्रोला जाते, आणि हे न कळल्यामुळे बीच डोळ्यांसमोरून मागे जाताना बघत बसलेले लोक मला माहीत आहेत. तिकीट काढताना बीचचं नाव घेऊन विचारा.

पायवाट. युरोपभर जाणाऱ्या ई-४ या लांबच्या वाटेचा हा तुकडा. होरा स्फाकिऑनहून आधी आनोपोलीच्या डांबरी रस्त्याने चढायचं, मग मोठ्या वळणावर रस्ता सोडून कड्याच्या पोटातून पायवाट धरायची. एकूण सव्वा ते दीड तास. लुत्रोकडून साधारण तासभर. काळ्या-पिवळ्या खुणा दिसत राहतात.

> तपासा: उंचीची भीती वाटते का? होरा स्फाकिऑनकडच्या बाजूला वाट काही ठिकाणी अरुंद आहे, एका हाताला कातळ आणि दुसऱ्या हाताला सरळ खाली समुद्र. सिंहगडाच्या वाटेवर आरामात चालता म्हणजे इथेही चालाल असं नाही. पाय लटपटत असतील तर बोटच.

३. आदल्या संध्याकाळी

बंदरावर जा आणि चार गोष्टी विचारा: उद्या बोट आहे का, पहिली किती वाजता, बीचवरून शेवटची किती वाजता, आणि वारा वाढला तर काय. वेळा दर महिन्याला बदलतात, त्यामुळे नेटवर वाचलेल्या वेळेवर अजिबात जाऊ नका. वेळ कागदावर लिहून घ्या, कारण बीचवर फोन बॅगेच्या तळाशी ठेवायचाय, ते पुढे येईलच.

दाढी-वॅक्सिंग काही करायचं असेल तर ते आज नाही. निदान दोन दिवस आधी उरकायचं. ताजं सोललेलं अंग, त्यावर खारं पाणी, त्यावर ऊन, एवढंच सांगते.

बॅगेत काय:

- माणशी दोन लिटर पाणी, चालत जाणार असाल तर तीन
- दोन पंचे. हो, आपला साधा सुती पंचा. एक बसायला, एक अंगाभोवती गुंडाळायला. मी पहिल्या वेळी हौसेने सोलापुरी चादर नेली होती, भिजल्यावर तिचं वजन माझ्याएवढं झालं.
- एसपीएफ ५० सनस्क्रीन, अर्धी संपलेली नाही, भरलेली बाटली
- टोपी, गॉगल, बाह्यांचा सैल सुती शर्ट
- पाण्यात घालायचे रबरी बूट. वाळू नाहीये, गोटे आहेत.
- ओआरएसच्या दोन पुड्या आणि खाऊ. चिक्की, शेंगदाणे, खाकरा चालतं, चॉकलेटचं पाणी होतं.
- सुटे युरो, नोटा आणि नाणी
- कचऱ्याला पिशवी, आणि वापरलेल्या टिश्यूंना वेगळी छोटी पिशवी
- स्विमसूट. "आपण तर काढणारच आहोत" म्हणून तो खोलीवर ठेवून जाऊ नका. तिथे गेल्यावर मन बदललं तर काय घालणार?

कॅमेरा, ड्रोन, सेल्फी-स्टिक बॅगेत नको. नाहीच.

४. निघण्याआधी, खोलीतच

सनस्क्रीन खोलीतच लावा, आरशासमोर, कपडे घालायच्या आधी, सगळीकडे. बहुतेक लोक हे बीचवर गेल्यावर करतात, तेव्हा वारा असतो, हात तेलकट, गोट्यांची कचकच चिकटलेली, आणि संकोचामुळे नेमक्या त्या जागा सुटतात ज्या आजवर कधी उन्हात आलेल्याच नाहीत. नितंब, मांड्यांची आतली बाजू, छाती, पोटाची खालची बाजू, पावलांच्या वरचा भाग. "आपण सावळे, आपल्याला काही होत नाही" हे म्हणणारा माणूस माझ्या घरातच आहे. संध्याकाळी बसमध्ये त्या सगळ्या नागमोडी वळणांवर तो वरचा दांडा धरून उभा होता, सीट रिकामी असताना. बाकीचे प्रवासी त्याला सभ्य समजत होते.

बाटली मात्र बरोबर न्यायचीच, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावायचंय.

पोटभर नाश्ता करा आणि बाथरूमला जाऊन या. कारण पुढे कळेल.

५. वाट

चालणार असाल तर सात-साडेसातला निघा. उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे, सावली नाही, आणि दहानंतर कातळ उष्णता परत फेकायला लागतो. स्लीपर किंवा फ्लोटर घालून निघू नका, ग्रिप असलेले बूट घाला. अरुंद जागी समोरून कोणी आलं तर कातळाच्या बाजूला अंग टेकवून थांबा, फोटो काढत मागे सरकू नका. वर शेळ्या फिरत असतात आणि त्यांच्या पायाने दगड सुटतात, त्यामुळे घंटा वाजताना ऐकू आल्या की वर बघा.

वाटेवर भेटणाऱ्याला "कालिमेरा" म्हणायचं, दुपारनंतर "यासास". आणि सगळं चालणं कपडे घालून. पायवाट म्हणजे बीच नव्हे. बोटीवरही तेच.

> थांबा आणि बघा: अर्ध्या वाटेत तुमचं निम्मं पाणी संपलं असेल तर मागे फिरा. लाजायचं काही नाही, बोटीने या.

६. पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं

कपडे अंगावरच ठेवा. ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि हीच सगळे गाळतात, एक तर संकोचाने दाराशीच गोठून बसतात नाहीतर आता धैर्य गोळा केलंय तर उरकून टाकू म्हणून दिसेल तिथे उघडे होतात.

आधी बघा: कोण कुठे बसलंय. एका बाजूला कुटुंबं पोहण्याच्या कपड्यांत असतील तर तुम्ही लांबच्या टोकाला जा. टॅव्हर्ना, म्हणजे तिथली छोटी खाणावळ, उघडा असेल तर त्यापासून दूर. मग जागा निवडा. दुसऱ्यांपासून जमेल तेवढं अंतर सोडा, मोकळा बीच असताना कुणाच्या शेजारी पंचा अंथरणं तिथे फार विचित्र समजतात. आपल्याकडे ट्रेनमध्ये चौथी सीट मागायची सवय असते ना, ती इथे विसरायची.

> सावधान: कड्याच्या अगदी पायथ्याशी सावली मिळते म्हणून झोपू नका. वरून दगड येतात. खाली ताजे, धारदार कडा असलेले तुकडे दिसले तर ते वरून पडलेले आहेत, समुद्राने घासलेले गोटे गुळगुळीत असतात. थोडं पुढे सरका, सावलीसाठी छत्री आणा.

आता फोन. फ्लाइट मोडवर टाका, पिशवीत गुंडाळा, बॅगेच्या तळाशी ठेवा. तुम्ही खरंच नुसता मेसेज वाचत असाल, पण तीस फुटांवरच्या बाईला फक्त तिच्याकडे रोखलेला कॅमेरा दिसतो. "मी समुद्राचाच फोटो काढत होतो" हे तिथे कोणी ऐकून घेत नाही आणि घेऊही नये. अगदीच फोटो हवा असेल तर परतीच्या बोटीतून बीच लांब दिसतो तेव्हा काढा.

७. कपडे, म्हणजे मुद्द्याचं

ऐच्छिक म्हणजे ऐच्छिक. नाही काढले तरी चालतं, अर्धे काढले तरी चालतं, काढून अर्ध्या तासाने परत घातले तरी कोणी विचारत नाही. मी पहिल्या दिवशी स्विमसूटमध्येच होते, दुसऱ्या दिवशी पाण्यात शिरल्यावर काढला. तो मार्ग मी सगळ्यांना सुचवते: कमरेएवढ्या पाण्यात जायचं, तिथे काढायचं, हाताला गुंडाळायचं, पोहून बघायचं. बाहेर येताना वाटलं तर पंचा किनाऱ्यावर तयार असतोच.

काही नियम कुठे लिहिलेले नसतात पण पाळले जातात:

पंचाशिवाय कशावरही बसायचं नाही, ना खुर्चीवर ना दुसऱ्याच्या चटईवर. बोलताना डोळ्यांत बघून बोलायचं. नजर जाते, सगळ्यांची जाते, प्रश्न ती थांबते का हा आहे. गॉगलच्या आड लपून एकटक बघणारा माणूस सगळ्यांना ओळखू येतो, तुम्हाला वाटतं तसं गॉगल काही लपवत नाही. जोडीदाराशी लाडीगोडी खोलीवर. कुणी एकटी बाई वाचत असेल तर ती वाचतेय एवढंच, गप्पा मारायचं आमंत्रण नाही.

पुरुष खाजगीत एक विचारतात ते उघड लिहून टाकते: शरीराने नको तेव्हा प्रतिसाद दिला तर पालथं झोपायचं किंवा पाण्यात जायचं. पाणी गार आहे, प्रश्न लगेच मिटतो. बहुतेकांना असं काही होतच नाही, दहा मिनिटांनी तिथे सगळं इतकं सामान्य वाटायला लागतं की आपण दुपारी काय खायचं याचा विचार करत असतो.

पहिल्या दिवशी पूर्ण उघडं उन्हात वीस मिनिटं, मग शर्ट किंवा सावली. घड्याळ लावा.

८. पाण्यात

इथला समुद्र फसवा नाही पण वेगळा आहे. गोडं पाणी खालून मिसळतं त्यामुळे पोहताना मध्येच एखादा बर्फासारखा गार पट्टा लागतो, आणि गोडं-खारं जिथे मिसळतं तिथे पाण्याखाली सगळं अंधुक, तेलकट दिसतं. घाबरू नका, चष्म्याचा दोष नाही. बुडी मारायच्या आधी हळूहळू अंग भिजवा.

खडकांजवळ काळे काटेरी समुद्री साळू असतात, म्हणून रबरी बूट.

> सावधान: उत्तरेचा वारा असताना हवेची गादी, ट्यूब पाण्यात नेऊ नका. वारा डोंगरावरून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे किनाऱ्याजवळ पाणी सपाट आणि छान दिसतं आणि तुम्ही मात्र भराभर आत ढकलले जाता. पुढे गावदोस बेट सोडलं तर थेट आफ्रिका. दक्षिणेचा वारा सुटला तर उलट, लाटा सरळ बीचवर येतात आणि छोट्या बोटी बंद होतात. लाटा वाढताना दिसल्या की शेवटच्या बोटीची वाट न बघता आधीच्या बोटीने निघा.

९. दुपार

सीझनमध्ये बीचला लागून छोटा टॅव्हर्ना चालतो. तिथे जाताना कपडे घालायचे, नुसता पंचा गुंडाळून नाही, नीट. तो बंदही असू शकतो, म्हणून जेवणाचा सगळा भरवसा त्यावर नको.

गोडं पाणी बघायचं असेल तर किनाऱ्यापासून थोडं वर गोट्यांत लोकांनी खळगे केलेले दिसतील. अंगावरचं मीठ धुवायला मस्त. काही जण पितात, मी पीत नाही, आजूबाजूला किती माणसं दिवसभर पडलेली असतात ते बघून ठरवा. साबण, शाम्पू त्यात अजिबात नको, आणि सनस्क्रीन थापलेलं अंग घेऊन खळग्यात बसू नका, पाणी काढून लांब जाऊन ओता.

आता ते बाथरूमचं. टॅव्हर्ना उघडा असेल तर तिथे काहीतरी विकत घेऊन विचारायचं. नसेल तर खळग्यांपासून आणि लोकांपासून दूर जायचं, आणि टिश्यू त्या छोट्या पिशवीत भरून परत आणायची. गोट्यांखाली दडपून ठेवलेली टिश्यू पुढच्या लाटेत पुढच्या माणसाच्या पायात येते.

रात्री तंबू ठोकलेले दिसतील, पण ग्रीसमध्ये असं उघड्यावर कॅम्पिंग करायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा त्यांच्याकडे बघून तुम्ही राहू नका. शेकोटी तर नकोच, १ मे ते ३१ ऑक्टोबर हा तिथे वणव्यांचा काळ धरतात.

१०. परत

शेवटच्या बोटीच्या आधीची बोट ही तुमची बोट. शेवटची बोट भरली किंवा आलीच नाही तर हातात चालायचा पर्याय राहतो, पण तोही उजेड असेपर्यंतच. ऑक्टोबरच्या मध्यावर पावणेसातच्या सुमारास सूर्य जातो, आणि ती अरुंद वाट अंधारात चालायची नाही म्हणजे नाही. अडकलात, कोणी पडलं, तर ११२.

क्रम असा ठेवा: बोटीच्या पाऊण तास आधी शेवटची डुबकी, मग अंग कोरडं, मग कपडे, मग बॅग, आणि सगळ्यात शेवटी बसलेली जागा फिरून बघणं. बोट दिसल्यावर कपडे शोधायला लागणारे लोक दरवेळी असतात, आमच्यासमोर एक गृहस्थ एका पायात पॅन्ट अडकवून उड्या मारत धक्क्याकडे गेले, बोटीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

खिसे रिकामे करा. गोटे कितीही सुंदर असले तरी उचलून नेता येत नाहीत, ग्रीसमध्ये त्यावर बंदी आहे.

आणि त्याच दिवशी हानियाला परतायचं असेल तर संध्याकाळच्या बसला सामारिया घळ उतरून आलेली मंडळी मोठ्या बोटीने येऊन एकदम धडकतात, त्यामुळे बसचं तिकीट सकाळीच काढून ठेवा.